मॅक्वारी हार्बर, पीअर्स आणि स्टेनो काकू

टास्मानियाला ग्रुप घेऊन गेलं की कोणीतरी एकजण तरी विचारतंच, 'ते माणसं खाणाऱ्या कैद्याचं बेट आपल्या प्रोग्रॅममध्ये आहे ना?' निघायच्या आधी कुठलातरी व्हिडिओ बघितलेला असतो, त्यात धुकं, अंधार, कुऱ्हाड आणि मागे ढॅणढॅण म्युझिक. मी टूर मॅनेजर आहे, मराठी ग्रुप नेते, बहुतेक सगळे रिटायर झालेले काका-काकू, आणि बोटीवरची गाइड इंग्लिशमध्ये जे सांगते ते मराठीत सांगायचं आणि त्यात आपल्या वाचनातलं थोडं घालायचं हा माझ्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग. हॉटेलच्या चाव्या, राहिलेल्या बॅगा, कोणाची बीपीची गोळी संपली, हे सगळं करतेच, पण गोष्ट सांगायला मिळाली की दिवस सार्थकी लागतो. तर अशाच एका दिवशी ग्रुपमधल्या एका काकूंनी त्या कैद्याची, पीअर्सची गोष्ट मधेच थांबवून मला असे प्रश्न विचारले की त्यानंतर मी ती गोष्ट पुन्हा आधीसारखी सांगूच शकले नाही. त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं.

आधी जागा सांगते. टास्मानिया हे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं बेट, त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर स्ट्रॉन म्हणून छोटं गाव आहे, तिथून मॅक्वारी हार्बरची क्रूझ सुटते. राजधानी होबार्टहून येताना क्वीन्सटाउन लागतं, तांब्याच्या भट्ट्यांसाठी झाडं तोडून आणि त्या धुराने डोंगर उघडेबोडके पडलेले, आणि तिथून वळणावळणाचा रस्ता उतरत स्ट्रॉन. आजही त्या भागात वस्ती अगदी विरळ, दक्षिणेला तर रस्ताच नाही, नुसतं जंगल. हार्बर प्रचंड मोठं पण समुद्राकडे उघडणारं तोंड एवढंसं आणि उथळ, त्याचं नाव हेल्स गेट्स. १८२२ मध्ये ब्रिटिशांनी या हार्बरमधल्या सेरा बेटावर कैद्यांची वसाहत केली. आधीच काळ्या पाण्याची शिक्षा होऊन टास्मानियात, म्हणजे तेव्हाच्या व्हॅन डीमेन्स लँडमध्ये आलेले आणि इथे येऊन परत गुन्हा केलेले कैदी इकडे पाठवायचे. शिक्षेच्या आतली शिक्षा म्हणा. काम काय, तर कमरेएवढ्या थंड पाण्यात उभं राहून ह्यूऑन पाईनचे ओंडके ओढायचे. हे लाकूड वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं तरी कुजत नाही म्हणून जहाजबांधणीला सोनं. ताजं खायला काही नाही त्यामुळे स्कर्व्हीने माणसं मरायची, चुकलं की चाबूक. पळून जायचं तर एका बाजूला खवळलेला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला ते जंगल.

हे सगळं मी सकाळीच बसमध्ये सांगून ठेवते. पीअर्सचं मात्र जेवणानंतर, आधी कधीच नाही.

त्या दिवशी बारीक पाऊस होता. बोट हेल्स गेट्समधून थोडी बाहेर जाऊन आत वळली, मग गॉर्डन नदीत शिरली, तिथलं पाणी बिनदुधाच्या चहासारखं तपकिरी असतं, वरच्या गवताळ पठारांवरून झिरपत येताना रंग उतरतो त्यात, आणि त्यावर आजूबाजूचं जंगल असं स्वच्छ उलटं दिसतं की सगळे फोटोच काढत बसतात. जेवणं झाली. सेरा बेट यायला अजून वेळ होता. मी माइक न घेता आमच्या टेबलांजवळ उभी राहिले आणि सुरुवात केली.

या काकू खिडकीजवळ बसल्या होत्या. एकट्याच आल्या होत्या टूरला, फार बोलायच्या नाहीत. पूर्ण नोकरी सेशन्स कोर्टात स्टेनो म्हणून केलेली, एवढं पहिल्या दिवशीच्या ओळख-परेडमध्ये कळलं होतं. मी बोलायला लागले तशी त्यांनी पर्समधून छोटी वही काढली आणि पेन्सिल चालायला लागली. जवळून बघितलं तर शॉर्टहँड. बारीक, तिरक्या, कधी जाड कधी पातळ रेघा, आणि माणूस तुमच्याकडे बघतोय, वहीकडे नाहीच. मला क्षणभर बोलायचंच सुचेना.

गोष्ट अशी. अलेक्झांडर पीअर्स, आयर्लंडचा, सहा जोड बूट चोरले म्हणून १८१९ मध्ये सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा. व्हॅन डीमेन्स लँडमध्ये येऊन परत भानगडी केल्या, पळून गेला, म्हणून सेरा बेटावर रवानगी. २० सप्टेंबर १८२२ ला तो आणि आणखी सातजण लाकूडतोडीच्या कामावरून बोट घेऊन पळाले, मग बोट सोडून डोंगरात घुसले. पूर्वेला गोऱ्यांची वस्ती आहे, तिथपर्यंत चालत जायचं असा बेत. जवळचं खाणं आठवड्याभरात संपलं. त्या जंगलात माहितगार माणसाला खायला मिळतं, यांना काहीच माहिती नाही. रॉबर्ट ग्रीनहिल खलाशी होता, सूर्य आणि तारे बघून दिशा त्यालाच कळायची, आणि कुऱ्हाडही त्याच्याचकडे. भुकेने वेडेपिसे झाल्यावर एकाने माणसाचा तुकडा पण खाऊन टाकीन असं काहीतरी बोलून दाखवलं आणि ग्रीनहिलने ते उचलून धरलं, समुद्रावर वेळ आली तर खलाशी असं करतात म्हणे. पहिला माणूस झोपेत मारला. ते बघून ब्राऊन आणि केनर्ली मागच्या मागे पळाले, कसेबसे हार्बरवर पोचले आणि तिथे मेले. उरलेले चालत राहिले. मग दुसरा. मग मॅदर. ट्रॅव्हर्स म्हणजे ग्रीनहिलचा जिवाभावाचा दोस्त, त्याच्या पायाला साप चावला, पाय सुजून काळा पडला, काही दिवस दोघांनी त्याला धरून धरून नेलं आणि मग तोही झोपेत. राहिले ग्रीनहिल आणि पीअर्स. दोघंही झोपायला तयार नाहीत. एकमेकांपासून अंतर ठेवून बसायचे, ग्रीनहिल कुऱ्हाड उशाला घेऊन. शेवटी ग्रीनहिलला डुलकी लागली.

इथे मी नेहमी थोडं थांबते. त्या दिवशी थांबले आणि काकूंचा आवाज आला, "थांबलीस ते बरं केलंस. मला एक सांग, हे लिहून कोणी घेतलं?"

मी म्हटलं, काकू, पीअर्सनेच सांगितलं, पकडल्यावर. जानेवारी १८२३ मध्ये सापडला तो, मेंढ्या चोरणाऱ्या टोळीबरोबर. होबार्टला रेव्हरंड रॉबर्ट नॉपवुड म्हणून मॅजिस्ट्रेट होते त्यांच्यापुढे त्याने सगळं कबूल केलं, आणि नॉपवुडनी विश्वासच ठेवला नाही. साथीदार अजून मोकळे फिरतायत, त्यांना वाचवायला हा काहीतरी भयंकर रचून सांगतोय असं ठरवलं आणि परत सेरा बेटावर पाठवून दिलं.

"एकच जबाब?"

नाही, म्हटलं, वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या लोकांना सांगितलंय. नॉपवुडना, मग बेटावरच्या कमांडंटला, होबार्टच्या जेलरला, आणि फाशीच्या आधी फादर कॉनलींना. आणि त्यात फरक आहेत. सगळ्यात पहिला कोण मारला, एकात डाल्टन आहे, एकात बोडनम आहे.

काकूंनी मान हलवली, जशी एखादी रोजची गोष्ट ऐकल्यावर हलवतो तशी. "बाकीचे सगळे मयत. सांगणारा एक. आणि त्याच्या सांगण्यात कुऱ्हाड शेवटपर्यंत दुसऱ्याच्या हातात. ग्रीनहिल सगळ्यात वाईट होता हे ग्रीनहिल सांगायला येणार आहे का? आमच्याकडे मॅजिस्ट्रेटपुढे कबुली द्यायची तर आधी आरोपीला सांगावं लागतं, बाबा तू बांधील नाहीस, हे तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. तरीसुद्धा नंतर अर्ध्या कबुल्या फिरवतात. एकट्याच्या तोंडच्या गोष्टीवर कोर्ट सहसा जात नाही, त्याला दुसरीकडून आधार लागतो. यात आधार काय आहे?"

टेबलावरचे सगळे आता काकूंकडे बघत होते. एक काका म्हणाले, अहो खाल्लं की नाही ते तरी खरं ना! मला खरंच बरं वाटलं, कारण आधार आहे, आणि तो पुढच्या भागात आहे.

नोव्हेंबर १८२३, पीअर्स परत पळाला, या वेळी थॉमस कॉक्स म्हणून तरुण कैद्याबरोबर, तोच मागे लागला होता मला घेऊन चल म्हणून. किंग नदीपर्यंत गेले, ही नदी याच हार्बरला मिळते. कॉक्सला पोहता येत नव्हतं. तिथे पीअर्सने त्याला मारलं. आणि मग काही दिवसांत स्वतःच धूर करून जाणाऱ्या जहाजाला खूण केली आणि हजर झाला. झडतीत त्याच्या खिशात माणसाचं मांस सापडलं. आणि त्याच्याकडे दुसरं खाणं होतं. पोर्क होतं, ब्रेड होता, मासे होते. कॉक्सचं प्रेत दाखवलंही त्यानेच.

काकूंची पेन्सिल थांबली. "म्हणजे मुद्देमाल आहे, प्रेत आहे, दाखवणारा आरोपी आहे. मग ठीक. एका खुनाची केस उभी राहते." आणि परत पेन्सिल चालू.

केस तशीच झाली होती, फक्त कॉक्सच्या खुनाची. जून १८२४ मध्ये होबार्टला सुप्रीम कोर्टात, चीफ जस्टिस पेडर यांच्यापुढे, ते कोर्टही नुकतंच सुरू झालेलं. १९ जुलै १८२४ ला फाशी. आधीचे पाच, ज्यांच्यावर सगळे व्हिडिओ बनतात, त्यांच्याबद्दल त्याच्यावर खटला चाललाच नाही. माणसाच्या मांसाच्या चवीबद्दल त्याच्या नावावर एक वाक्य फिरतं, ग्रुपमधल्या कोणीतरी ते म्हणून दाखवलं, मी ते कधीच सांगत नाही, सांगणारही नाही. कॉक्स तरुण मुलगा होता, त्याला पोहता येत नव्हतं, एवढं पुरेसं आहे.

तेवढ्यात बेट आलं.

सेरा बेट चालायला छोटं आहे, लाकडी पायवाटा केल्यात. पश्चिमेच्या वाऱ्यापासून वाचायला तेव्हा उंचच उंच लाकडी कुंपणं घातली होती, ती आता नाहीत, जंगल परत वाढलंय. बेकरीच्या आणि जेलच्या विटांच्या भिंतींचे तुकडे राहिलेत, चामडं कमवायचे खड्डे आहेत, आणि किनाऱ्याला पाण्याखाली जहाजं उतरवायच्या उतारांचे ओंडके अजून दिसतात, दोनशे वर्षं पाण्यात. एका काळात हे ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात मोठं जहाजबांधणीचं ठिकाण होतं हे तिथे उभं राहून पटत नाही. इथली शेवटची गोष्ट सगळ्यांना फार आवडते. बेट बंद करताना एक जहाज पूर्ण करायचं राहिलं होतं, फ्रेडरिक नावाचं, ते १८३४ च्या जानेवारीत दहा कैद्यांनी पळवलं आणि पॅसिफिक ओलांडून थेट चिली गाठलं. त्यातले चार नंतर पकडून आणले, पण जहाज भर समुद्रात नाही तर बंदिस्त हार्बरमध्ये पळवलं म्हणजे ही समुद्री चाचेगिरी होते का, या मुद्द्यावर त्यांची फाशी टळली. काकूंना हा मुद्दा इतका आवडला की पहिल्यांदा हसल्या. "हुशार वकिली आहे," म्हणाल्या.

मग सगळे गाइडच्या मागे पुढे गेले आणि काकू पाण्याकडे बोट दाखवून तिथेच थांबल्या. समोर एक खडक आहे, ग्रमेट बेट, त्यावर कैद्यांची बराक होती, सगळ्यात वाईट समजले जाणारे कैदी रात्री तिथे कोंडायचे, ओल्या कपड्यांनीच. मी ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि यांच्या आधी इथे कोण राहत होतं? त्या जंगलात यांना खायला मिळालं नाही म्हणालीस, माहितगाराला मिळतं म्हणालीस. तो माहितगार कुठे गेला?"

आता हे मला माहिती होतं. वाचलेलं होतं. पण ग्रुपला सांगायच्या माझ्या टिपणांत ते नव्हतं, कारण ऑफिसचं म्हणणं लोक सुट्टीवर आलेत, त्यांना जड करू नकोस. मी आजूबाजूला बघितलं, पावसामुळे अर्धे लोक बोटीवर परत निघाले होते, आणि मी काकूंना तिथेच उभ्याउभ्या सांगायला लागले.

या किनाऱ्यावर हजारो वर्षं लोक राहत होते. पीअर्स बाहेर पडला तेव्हासुद्धा एका वस्तीवरून त्यांचं खाणं उचलून तो तगला, हे त्याच्याच जबाबात आहे. १८२० च्या दशकात पूर्वेकडच्या मेंढपाळांच्या जमिनींवरून गोऱ्यांची आणि या लोकांची लढाई पेटली, ब्लॅक वॉर म्हणतात. १८२८ च्या नोव्हेंबरात गव्हर्नर जॉर्ज आर्थरने मार्शल लॉ लावला, १८३० मध्ये सुमारे २,२०० माणसांची रांग करून टास्मानियाच्या वस्तीच्या भागातून मूळ रहिवाशांना हाकलत न्यायचा प्रयत्न केला. आणि जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन म्हणून एकजण सरकारतर्फे जंगलात फिरून उरलेल्यांना समजावून, नंतर नंतर बंदुकीच्या धाकाने, गोळा करत होता. १८३३ मध्ये त्याने या पश्चिम किनाऱ्यावरची माणसं पकडली आणि कुठे आणून ठेवली, तर इथे. याच हार्बरवर, कैद्यांच्या इमारतीत. बायका, पोरं, सगळी. आजाराने पटापट गेली त्यातली कितीतरी, काही आठवड्यांत. उरलेली फ्लिंडर्स बेटावर पाठवली, वायबॅलेनाला. तिथेही मरतच राहिली. १८४७ मध्ये तिथून होबार्टजवळच्या ऑयस्टर कोव्हला परत आणली तेव्हा पन्नासपेक्षा कमी होती.

काकू लिहीत नव्हत्या आता. नुसत्या ऐकत होत्या. मला वाटलं झालं, पण बोटीवर चढल्यावर त्यांनी मला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "हे आजाराने गेले म्हणतेस. मारलेले? त्याची काही केस?"

मग मी केप ग्रिमचं सांगितलं. टास्मानियाचं अगदी वायव्य टोक, आता त्याचं सरकारी नावच केनाऊक केप ग्रिम असं दुहेरी आहे. तिथे आज हवा मोजायचं केंद्र आहे, १९७६ पासून, पश्चिमेकडून हजारो किलोमीटर नुसत्या समुद्रावरून येणारी हवा, जगातल्या सगळ्यात स्वच्छ हवेतली एक. १८२५ मध्ये लंडनमध्ये व्हॅन डीमेन्स लँड कंपनी निघाली, तिला त्या भागात मेंढ्या पाळायला जमीन मिळाली. १८२७ च्या शेवटी कंपनीच्या मेंढपाळांनी तिथल्या बायकांना झोपडीत न्यायचा प्रयत्न केला, त्यावरून मारामारी, एक मेंढपाळ भाल्याने जखमी, तिथल्या लोकांतला निदान एक माणूस ठार. मग त्या लोकांनी कंपनीच्या ११८ मेंढ्या मारल्या, कड्यावरून समुद्रात हाकलल्या. आणि १० फेब्रुवारी १८२८ ला चार मेंढपाळांनी, समुद्रपक्षी पकडायला गेलेली कुटुंबं कड्यापाशी गाठून गोळ्या घातल्या, आणि प्रेतं कड्यावरून खाली टाकली.

"किती?"

रॉबिन्सन दोन वर्षांनी तिथे गेला होता. त्याने त्या चौघांतल्या चेंबरलेनला विचारलं, तो म्हणाला तीसेक. त्याच्या बरोबरचा दुसरा आधी काही कबूलच करेना. कंपनीचा मॅनेजर एडवर्ड कर याने लंडनला कळवलेला आकडा त्याहून खूपच कमी.

"आणि मेंढ्या ११८."

हो, मेंढ्या ११८.

काकूंनी वही उघडली आणि हा आकडा लिहिला, शॉर्टहँडमध्ये नाही, साध्या आकड्यात, मोठा. मग त्याच्या शेजारी एक रेघ मारून जागा कोरी सोडली.

"मॅजिस्ट्रेट कोण होता त्या भागात?"

मी म्हटलं, कर. कंपनीचा मॅनेजरच मॅजिस्ट्रेट होता.

यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळू आवाजात, पण अगदी स्पष्ट बोलल्या ते मी जमेल तेवढं तसंच लिहिते. म्हणाल्या, "कोर्टात माझ्यासमोर वाईट वाईट केसेस आल्या. पोरांच्या, सुनांच्या, जमिनीवरून कापाकापीच्या. साक्ष देताना माणूस कोसळायचा, तेव्हा आम्ही पाणी द्यायचो आणि पुढचा शब्द यायची वाट बघत पेन्सिल धरून बसायचो. मला तेव्हा वाटायचं हे सगळ्यात भयंकर. पण त्या सगळ्यांत कोणीतरी फिर्याद दिलेली असायची. फिर्यादी असतो म्हणून आम्ही असतो. तुझ्या या केसमध्ये आरोपींची नावं माहितीयेत, जागा माहितीये, तारीख माहितीये, एक आरोपी तोंडाने सांगतोय, आणि फाइलच नाही. आणि तो सहा जोड बूट चोरणारा, त्याचे चार चार जबाब जपून ठेवलेत."

शेजारच्या टेबलावरचे एक काका ऐकत होते. ते वैतागले. म्हणाले, "अहो दोनशे वर्षं झाली, आपण फिरायला आलोय, कशाला उकरून काढायचं? तो खाणारा माणूस ठीक आहे, गोष्ट आहे ती, पण हे कशाला?" माणूस वाईट नव्हता, मला माहितीये, सगळ्यांच्या बॅगा स्वतः उचलून द्यायचे. पण मला राहवलं नाही, टूर मॅनेजरने क्लायंटशी वाद घालायचा नसतो हे माहिती असूनही मी म्हटलं, काका, ते पण दोनशे वर्षांपूर्वीचंच आहे ना. दोन्ही इथलंच. एकाची आपण हौसेने गोष्ट ऐकतो आणि दुसरं ऐकताना सुट्टी आठवते असं कसं? काका गप्प बसले. रागावले असावेत.

मला खरंच मनापासून वाटतं ते इथे लिहून टाकते. पीअर्सची गोष्ट ऐकायला सोपी आहे. एकटा राक्षस, जंगल, भूक, शेवटी फाशी, आणि आपण बोटीत सुरक्षित. त्यात विचारायला कोणी उरत नाही. केप ग्रिमची माणसं भुकेने वेडी झालेली नव्हती, पगारावर होती, दुसऱ्या दिवशी कामावर गेली. मला ते जास्त भयानक वाटतं. आणि अशी एकच जागा नाही टास्मानियात.

दुसऱ्या दिवशी होबार्टला आलो. संध्याकाळ मोकळी होती, काकूंनी विचारलं पीअर्सचं पुढे काय झालं, पुरला कुठे. मी त्यांना फ्रँकलिन स्क्वेअरला घेऊन गेले. पीअर्सचं प्रेत फाशीनंतर हॉस्पिटलमध्ये चिरफाडीला दिलं, शिक्षेचाच भाग तो, आणि कवटी ठेवून घेतली. ती पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाला सॅम्युएल मॉर्टनच्या संग्रहात गेली, हा माणूस कवट्या मोजून कुठला वंश श्रेष्ठ ते ठरवायचा, शेकडो कवट्या जमवल्या होत्या त्याने. आणि फ्रँकलिन स्क्वेअरला कशासाठी, तर तिथे विल्यम क्राउदरचा पुतळा होता. सर्जन, नंतर काही महिने टास्मानियाचा प्रीमियरही झालेला. १८६९ मध्ये विल्यम लॅनी म्हणून मूळ रहिवासी माणूस वारला, खलाशी होता, गोऱ्यांनी त्याला 'शेवटचा पुरुष' ठरवून टाकलं होतं. हॉस्पिटलच्या शवागारात रात्री शिरून त्याची कवटी काढली आणि दुसऱ्याची आत घातली, हा आरोप क्राउदरवर आला, हॉस्पिटलमधून त्याला निलंबित केलं, आणि तरी १८८९ मध्ये पुतळा उभा राहिला. २०२२ मध्ये तो हटवायचा ठराव झाला, आणि मे २०२४ मध्ये हटवायच्या आधीच कोणीतरी घोट्यापाशी करवतीने कापून पाडला. ट्रुगनिनी म्हणून मूळ रहिवासी बाई, तिच्याबद्दलही मी सांगितलं, १८७६ मध्ये वारली, मरताना माझी चिरफाड होऊ देऊ नका म्हणत होती, आणि तिचा सांगाडा होबार्टच्या म्युझियममध्ये १९४७ पर्यंत लोकांना बघायला लावलेला. तिच्या अस्थी समुद्रात सोडल्या त्या १९७६ मध्ये, शंभर वर्षांनी.

तेवढ्यात ते वैतागलेले काका फिरत फिरत तिथे आले. बाजूला उभे राहून ऐकलं त्यांनी. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आणि आता? आता कोणीच नाही का त्यांच्यातलं?"

मी म्हटलं, आहेत की काका, हजारो आहेत. 'शेवटची' ट्रुगनिनी हे गोऱ्यांनी पसरवलेलं. बास सामुद्रधुनीच्या बेटांवर सील पकडणाऱ्यांबरोबर राहिलेल्या बायकांची पोरं, त्यांची पोरं, तो वंश आहे. आपली गेलेली भाषा जुन्या नोंदींमधले शब्द गोळा करून परत उभी करतायत, पालावा कानी नावाने. दर वर्षी त्या बेटांवर समुद्रपक्षी धरायला अजूनही जातात, केप ग्रिमला जे धरत होते तेच पक्षी. क्राउदरचा पुतळा काढा म्हणून वर्षानुवर्षं मागे लागले होते तेच हे लोक.

काकू म्हणाल्या, "मग फिर्यादी आहेत." आणि वही पर्समध्ये टाकली.

काकांनी टूर संपताना फीडबॅक फॉर्ममध्ये काय लिहिलं ते मला माहिती नाही, पण कोणीतरी 'माहिती फार गंभीर होती' असं लिहिलं होतं आणि त्यावरून ऑफिसमधून फोन आला, पुढच्या वेळी हलकंफुलकं ठेव. मी हो म्हटलं नाही. काकूंनी घरी गेल्यावर सगळं टाइप करून पाठवलं, जबाब कोणाचा, कोणापुढे, कधी, कोण हजर, असं समासात लिहून. आता बोट हेल्स गेट्समधून आत वळली की मी त्या कागदांवरूनच सांगते. आधी केप ग्रिम आणि १८३३ मध्ये या हार्बरवर काय झालं ते, मग पीअर्स. वेळ कमी पडला तर पीअर्सचं कमी करते.